आपलं एक काम राह्यलंय

माणूस गेल्याची बातमी आली की लोकांना रडू येतं. मला शंका आली.

रविवारची सकाळ होती. नवीन जालन्यात आमच्या गच्चीवर मी पेपर वाचत बसलो होतो आणि अंबादासच्या सुमनचा फोन आला. "काका, बाबा गेले... फॅक्टरीत चालता चालताच गेले." मी उभा राहिलो, चष्मा काढला, परत घातला. डोक्यात पहिला विचार काय यावा? खरं तेच लिहितो. डोक्यात आलं, उद्या सोमवार. सोमवारी हा माणूस जुनं रजिस्टर काखेत घेऊन फॅक्टरीच्या गेटवर येणार होता आणि माझी चाळीस वर्षांची अब्रू तिथं, मॅनेजरच्या टेबलावर, उघडी करून ठेवणार होता. आता तो येणार नव्हता. क्षणभर छातीवरून ज्वारीचं पोतं उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटायच्या आत दुसरी शंका आली. अंबादासनं जन्मात काही अर्धवट ठेवलं नव्हतं. गेला म्हणजे काहीतरी व्यवस्था लावूनच गेला असणार... रजिस्टर कुणाच्या हातात दिलं त्यानं?

या पुरवणीच्या तरुण वाचकांना सांगितलं तर पटणार नाही, पण राजूरच्या रस्त्याला आज जिथं लोखंडाची रोलिंग मिल आहे, पाइपांच्या शेड आहेत, बियाण्यांचं गोदाम आहे आणि ट्रकांची रांग आहे, तिथं आमच्या तरुणपणी ग्लायडिंगचं मैदान होतं. बिनइंजिनाची विमानं. मैदान इतकं सपाट, की या टोकाला बेसनाचा लाडू ठेवला तर त्या टोकाहून दिसायचा, आणि नजर चांगली असली तर त्यातला बेदाणासुद्धा. मे महिन्यात गरम हवा अशी उसळायची, की कडेच्या वस्तीवर वाळत घातलेली धोतरं खांबासकट उडून भोकरदनच्या बाजारात सापडायची. या टोकाला ग्लायडर, त्या टोकाला विंच. विंच म्हणजे ट्रकच्या इंजिनावर बसवलेलं भलंमोठं रहाट. मधे किलोमीटरभर पोलादी तार. इकडं झेंडी हलली की तिकडं विंचवाला तार ओढायचा, आणि ग्लायडर पतंगासारखा चढायचा. वर पोचल्यावर पायलटनं समोरची पिवळी मूठ ओढायची, तार सुटायची, आणि मग खाली येईपर्यंत तुम्ही आणि देव.

तो विंचवाला म्हणजे अंबादास. मैदानाच्या कडेच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं किरकोळ, आणि बोलायला इतका कंजूष की त्याची वर्षाची बोलणी मी एका जेवणावर खर्च करत असे. पण तार त्याच्याशी बोलायची. ओढताना तो नुसतं इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, आज ग्लायडरात कोण बसलंय, आणि बसलेला घाबरलाय का. आम्ही पायलट त्याला आणि तो आम्हाला किलोमीटरभर लांबून ओळखायचा. जीव मात्र आमचा त्याच्या हातात. अशी मैत्री मी दुसरी पाहिली नाही.

त्याच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे, रोज सकाळी पहिल्या उड्डाणाच्या आधी तो अख्खी धावपट्टी पायी तुडवायचा. गोणपाटाची पिशवी खांद्याला, नजर खाली. खडा दिसला, पिशवीत. बाभळीचा काटा दिसला, पिशवीत. एकदा त्यानं झोपलेली शेळी उचलून कडेला ठेवली, ती जागी झाली नाही. दुसरी सवय रजिस्टरची. क्लबाचा नियम होता, वर जायची वेळ विंचवाल्यानं लिहायची, उतरायची वेळ पायलटनं स्वतः लिहून सही करायची. रकाना कोरा राहता कामा नये. आमच्यातला एक जण एकदा सही न करता परतूरला बहिणीच्या लग्नाला गेला. अंबादास रजिस्टर घेऊन रेल्वेनं परतूरला गेला, मांडवात अक्षता पडत असताना त्याला बाजूला घेतलं, सही घेतली आणि जेवण न करता परत आला. ही गोष्ट मी स्वतः निदान दोनशे वेळा सांगितली असेल. लोक पोट धरून हसायचे. तिच्यात माझ्यासाठी काय होतं, ते मला चाळीस वर्षं दिसलं नाही.

आता माझी गोष्ट. जालना जिल्ह्यात ज्यानं ती ऐकली नाही असा माणूस नसेल, तरी पुन्हा एकदा, शेवटची, सांगतो. मी बावीस वर्षांचा. एकट्यानं उडायचा पहिला दिवस. तार सुटली आणि मला गरम हवेचा असा भोवरा सापडला की घारी माझ्या खाली राहिल्या. मी सरळ राजूरकडं निघालो. गणपतीच्या देवळाला वरून तीन प्रदक्षिणा घातल्या. पुजारी नैवेद्य घेऊन बाहेर आला होता. ताटात अकरा मोदक होते, त्यातला एक फुटलेला. एक तास दहा मिनिटांनी परत आलो आणि असा उतरलो की विमानातल्या तांब्यातलं पाणी हललं नाही. पुढं बियाणं विकायच्या धंद्यात पडलो, तेव्हा या गोष्टीत भर पडत गेली. शेतकऱ्याला म्हणायचो, "या वाणाचा कापूस मी वरून बघितलाय, चांदणं सांडल्यागत दिसतो." एका तासाचे तीन तास झाले. एका वर्षी तर मी परतीच्या वाटेवर पाऊस लागल्याचंही सांगितलं.

यातलं बावीस वर्षांचा होतो एवढं खरं आहे. राजूर वगैरे मी बघितलं ते एसटीतून. त्या सकाळी वर काय झालं ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि अंबादासला. आमचे शिकवणारे सर लवकरच बदलून गेले, बरोबरची मुलं पांगली. राहिला हा एकटा साक्षीदार. आणि तो माझ्यापासून दोन कोसांवर राहत होता.

माझं लग्न ठरायच्या बैठकीला तो होता, कारण क्लबाची जीप तोच चालवत होता. राजूरच्या अलीकडच्या गावात सासऱ्यांचं घर. सासरे जमीनजुमल्याचे, मिशीचे, तंबाखू मळता मळता माणूस तोलणारे.

"विमानात बसता म्हणं?" त्यांनी मला विचारलं.

"बसतो कशाचा मामा, उडवतो."

"मंग आमचं राजूर वरून कसं दिसतं?"

झालं. अकरा मोदक तिथं जन्माला आले. बैठकीतली माणसं पुढं सरकून ऐकायला लागली. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या, तीच आमची सिंधू. सगळं ऐकून सासरे एकदम अंबादासकडं वळले. "काय हो, तुम्ही तर तिथंच असता. हे खरं का?"

मी बशीतला चहा एका दमात संपवला. अंबादासनं चहाचा घोट घेतला, कप आस्ते खाली ठेवला. "हे वर गेल्ते. तार मीच ओढली."

"अन् राजूर?"

"वर गेल्यावर कोण कुठं जातंय, ते खालून दिसत न्हाई, मालक."

लग्न ठरलं. परत निघताना जीपच्या दाराशी तो माझ्या कानाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पायलटसाहेब, आपलं एक काम राह्यलंय."

तेव्हापासून माझी झोप गेली. पायलटसाहेब! हा मला आधी नावानं हाक मारायचा. आणि काम कसलं? सरळ आहे, मी स्वतःशी म्हणालो, ह्यानं आज तोंड बंद ठेवलं, त्याची परतफेड मागतोय. काय मागणार ते मात्र त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पुढं चाळीस वर्षं तो ते एकच वाक्य म्हणत राहिला आणि मी पळत राहिलो. माझ्या मुलाच्या लग्नात आला, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ते आपलं काम..." मी व्याह्यांच्या पाया पडायला धावलो. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तर हा खाटेशी. "बरे व्हा. मंग ते राह्यलेलं काम करून टाकू." नर्सनं विचारलं, कसलं काम? मी म्हटलं, बांधाचं. सिंधूला शंका आली की मी कुठंतरी गुपचूप शेत घेतलंय. ती शंका निस्तरायला मला वर्ष लागलं.

उघड वैर केलं असतं तर बरं झालं असतं. मी भर चौकात राजूरची गोष्ट सांगायला लागलो की तो गर्दीच्या कडेला उभा राहून पूर्ण ऐकायचा. एकदाही खोडून काढली नाही. हसलासुद्धा नाही. मला वाटायचं, हा मोजतोय. एक एक मोदक मोजून ठेवतोय.

मग क्लब बसला. ग्लायडरांचे पंख ट्रकवर आडवे बांधून कुठं कुठं गेले. मैदानावर कुसळ वाढलं, मग मोजणीवाले आले, मग खांब, मग तारेचं कुंपण, मग बुलडोझर. क्लबाचं भंगार निघालं त्या दिवशी लोक टायर बघत होते, पत्रे बघत होते, विंचच्या ड्रमभोवती तर भांडणं लागली. अंबादासनं काय मागून घेतलं? रजिस्टरांची पेटी. मी लांबून बघत होतो. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधताना त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आता सांगा, शंका येणार नाही तर काय?

धावपट्टीचा झाला मधला रस्ता, दोन्ही अंगाला शेड. विंचच्या जागी ट्रकांचा वजनकाटा आला. ग्लायडर जिथून निघायचे तिथं ट्रक उभे राहायला लागले. आणि या सगळ्यातून अंबादास रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून चालतच राहिला. कुंपण झालं तेव्हा तो गेटवरून आत जायला लागला. वॉचमननं रजिस्टर पुढं केलं, ह्यानं लिहिलं: नाव, आत जायची वेळ, आणि कामाच्या रकान्यात "पट्टी बघणे". परत येताना बाहेर पडायची वेळ, सही. वॉचमन बदलत गेले, मालक बदलत गेले, रकाना तोच. प्रत्येक नव्या वॉचमनला वाटायचं, हा भंगारचोर आहे. पिशवी उलटी करून बघायचे, तर खडे, खिळे, एखादा नट. मग अफवा सुटली की जुन्या क्लबाची तांब्याची तार कुठंतरी पुरलेली आहे आणि म्हातारा रोज जागा तपासून जातो. माझ्या तोंडून त्या तांब्याचं निजामाच्या वेळचं सोनं कधी झालं, मला आठवत नाही. एका ठेकेदारानं खरोखर वजनकाट्याच्या शेजारी तीन फूट खणलं. एक गंजका बोल्ट निघाला. दुसऱ्या दिवशी अंबादासनं खड्डा पायानं बुजवला आणि बोल्ट पिशवीत टाकला.

माझी शंका वेगळी होती. मला वाटायचं, हा मी जिथं पडलो ती जागा लोकांना दाखवत फिरतो. म्हणून एका सकाळी मी बियाण्याच्या गोदामात काम असल्याचं सांगून आत शिरलो आणि त्याच्या मागं, ट्रकांच्या आडोशानं, चालायला लागलो. माझ्या देहाचा माणूस ट्रकाच्या आडोशाला लपत नाही. अर्ध्या रस्त्यात तो मागं न वळताच म्हणाला, "तिकडं डांबर वलं हाय, पायलटसाहेब. हिकडून या."

मी पुढं झालो. "काय शोधतोस रे रोज?"

"खडे."

"आता कोण उतरणार हाय इथं? ट्रक?"

त्यानं मान वर करून मिलच्या चिमणीचा धूर बघितला. पूर्वी वाऱ्याचा कापडी मोजा बघायचा, अगदी तसं. "वारा बराबर हाय आज," तो म्हणाला. "कुणी म्हणलं उतरायचं, तर पट्टी साफ पायजे." मग पिशवी खांद्यावर नीट केली. "बरं झालं भेटलात. ते आपलं काम..."

"मला बँकेत जायचंय," मी म्हटलं.

"आज बँकेला सुट्टी हाय."

"मला म्हाईत हाय!" असं ओरडून मी बँकेच्या दिशेनं निघालो.

आता या वर्षीचं ऐका. फॅक्टरीत नवा मॅनेजर आला, हौशी माणूस. गेटवर जुन्या मैदानाची माहिती सांगणारा फलक लावायचं त्याच्या मनात होतं. मी गेलो आणि त्याला राजूरची गोष्ट सांगितली, पावसासकट. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "काका, तुमचं नाव घालतो. या मैदानावरून एकट्यानं राजूरपर्यंत जाऊन येणारा पायलट! फक्त एखादा जुना कागद असला तर..." मी हात उडवणार, कागद कुठले आता, तेवढ्यात दारात उभा वॉचमन बोलला, "साहब, वो पिशवीवाले चाचा के पास पुराना रजिस्टर है." मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासला गेटवर गाठलं. अंबादास म्हणाला, सोमवारी आणतो, पण पायलटसाहेबांना बोलवा.

शुक्रवारी फॅक्टरीच्या समोरच्या टपरीवर आम्ही भेटलो. ती शेवटची भेट. तो बाकड्यावर बसला होता, पिशवी मांडीवर, पूर्वीपेक्षा वाळलेला. दम लागत होता, ते मी बघितलं. बघून विचारलं मात्र नाही.

"सोमवारी येताल ना?"

"माझं काय काम तिथं?"

"तुमच्याबिगर व्हत न्हाई ते."

"अंबादास," मी आवाज खाली आणला, "चाळीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढायलास?"

त्यानं माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं. मला तेव्हा ते सोंग वाटलं. "उकरायचं काय त्यात? दोन मिनटाचं तर काम हाय."

दोन मिनटं! त्या सकाळी मी हवेत किती होतो? नेमकं दोन मिनिटं. हा सोमवारी हेच सांगणार. मी चहा अर्धा टाकून उठलो. येतो म्हटलं नाही, की जातो म्हटलं नाही. रस्ता ओलांडून मागं बघितलं, तर तो माझ्या अर्ध्या कपाकडं बघत बसला होता...

रविवारी तो वजनकाट्यापाशी खाली बसला, तिथल्या माणसांनी पाणी दिलं, मिलच्या गाडीत घातलं, दवाखान्यात पोचायच्या आत संपला.

मी भेटायला गेलो ते सांत्वनाला नव्हे, हेही लिहून टाकतो. बसलो सतरंजीवर माणसांत, पण नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर. कोण आलं, कोण रडलं, मला आठवत नाही. पेटीला कुलूप नव्हतं ते आठवतं. माणसं पांगल्यावर सुमन आतून आली. तिच्या हातात धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"बाबांनी शनिवारीच बांधून ठेवल्तं. म्हणले, काकांच्याच हातात द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

"मॅनेजरला?"

"न्हाई, तुम्हालाच. साहेबाला दाखवायच्या आधी काकाला बघू दे, म्हणले." मग ती थोडी थांबली. "काका, ते शुक्रवारी तुमच्याकडून आले तवा लई गप होते. काही झालं का तुमचं?"

मी मान हलवली. हलवली म्हणजे होय की नाही, ते तिला कळलं नसेल. मला पण कळलं नाही.

घरी गच्चीवर गाठ सोडली. रजिस्टरात माझ्या पानात दोरा घातलेला होता आणि दोऱ्याला पेन्सिलीचा तुकडा बांधलेला होता. माझं नाव, त्याच्या अक्षरात. वर जायची वेळ, सात पन्नास, त्याच्या अक्षरात. उतरायची वेळ... कोरी. सही कोरी. शेऱ्यात त्याच्याच अक्षरात: "तार तुटली. चूक विंचची."

मी रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. मग शेवटून पहिल्याकडं. शेकडो उड्डाणं, शेकडो सह्या. सगळ्या रजिस्टरात कोरी ओळ एकच होती. माझी.

मग मला परतूरचा मांडव आठवला. अक्षता पडताहेत, आणि हा माणूस रजिस्टर उघडून उभा. आपलं एक काम राह्यलंय. दोन मिनटाचं काम. त्याला माझ्याकडून काही नको होतं. सही हवी होती. चाळीस वर्षं हा माझ्या मागं एका सहीसाठी फिरला, आणि मी त्याला धमकी समजून लग्नांतून, दवाखान्यांतून, टपऱ्यांवरून पळालो.

आता त्या सकाळचं सांगतो. तार ओढली गेली, मी चढलो, आणि वर पोचल्यावर पिवळी मूठ ओढायची तर माझा हात उठेना. हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. तोंडातून आवाज नाही. खाली मैदान कागदासारखं वाकायला लागलं, ग्लायडर थरथरायला लागला. तार अजून अडकलेलीच, आणखी थोडं ओढलं असतं तर नाक खाली करून मी सरळ विंचवर आलो असतो. किलोमीटरभर लांबून अंबादासला ते कळलं. विंचला तार तोडायचं पातं असायचं, खटका दाबला की पडायचं. त्यानं खटका दाबला. झटका बसला, त्या झटक्यानं माझा हात जागा झाला, मी मूठ ओढली, लोंबती तार मैदानात पडली आणि मी कसाबसा पट्टीच्या बाहेर, कापसाच्या पळाट्यांच्या रानात जाऊन टेकलो. पँट ओली होती. सर धावत आले. अंबादास त्यांच्या आधी पोचला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पँटकडं बघितलं, खांद्यावरची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि सरांना म्हणाला, "तार तुटली, सर. मी जास्त ओढलं."

त्याच दिवशी त्याला विंचवरून काढून जीपवर घातलं. परत कधी त्याच्या हातात तार दिली नाही. ज्याच्याशी तार बोलायची, त्याला. आणि मी सही न करता जो पळालो तो परतूरला आत्याकडं दोन महिने. परत आलो तेव्हा रजिस्टर अंबादासच्या हातून काढून ऑफिसात कुलपात ठेवलेलं होतं, आणि माझ्या तोंडात राजूर तयार व्हायला लागलं होतं.

पेन्सिलीला टोक होतं. नवं केलेलं. मी लिहिलं: उतरायची वेळ, सात बावन्न. शेऱ्यात त्याच्या ओळीखाली दोन ओळी जागा मोकळी होती. तिथं लिहिलं: "तार तुटली नाही, तोडली. पायलटचा हात उठला नाही. चूक पायलटची. विंचवाल्यानं जीव वाचवला." सही केली. सही करून झाल्यावर परत शंका आली, आणि ती अजून गेलेली नाही. ह्याच्या रजिस्टरात कुठंही दोन ओळींची जागा मोकळी सुटलेली नाही. मग इथंच का सोडली होती? नुसत्या सहीला एवढी जागा लागते का?

रजिस्टर घेऊन मी सोमवारचं काम पुढच्या सोमवारी केलं. मॅनेजरनं वाचलं, डोकं खाजवलं. "काका, दोन मिनिटांचं फलकावर काय लिहू? राजूरचंच छान होतं हो." मी म्हटलं, माझं नाव घालू नका, विंचवाल्याचं घाला. तो बघू म्हणाला. फलक अजून लागलेला नाही. हा लेख पुरवणीला पाठवायच्या आधी सिंधूला वाचायला दिला, कारण लग्न त्या मोदकांवर झालंय, तिचा हक्क पहिला. तिनं शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाला मोठं करायचं म्हणून आता ही नवीन बनवलीत का?" चाळीस वर्षांची खोटी गोष्ट जिल्ह्यानं डोक्यावर घेतली आणि एका खऱ्या गोष्टीला घरातसुद्धा गिऱ्हाईक नाही. यावर मी कुणाकडं तक्रार करू? खालून बघणारा तो एकच होता.

हल्ली सकाळी मी जातो. सुमननं पिशवी दिली आहे. पहिल्या दिवशी वॉचमननं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "क्या ढूंढते हो, चाचा?" मी म्हटलं, खडे. त्याला वाटलं, आता दुसरा आला सोन्यामागं. त्यानं गेटचं रजिस्टर पुढं सरकवलं. मी पान मागं उलटलं, त्या रविवारपर्यंत. अंबादासचं नाव, काम पट्टी बघणे, आत जायची वेळ सहा चाळीस. पुढचे दोन रकाने कोरे. मिलच्या गाडीतून नेला, तेव्हा कुणाला सही सुचणार?

"चाचा, आप तो पहचान के थे," वॉचमन म्हणाला, "ये आप भर दो. साहब रोज पूछते हैं."

मी पेन हातात घेतलं. वेळ सुमनला विचारून कळली असती. पेन परत ठेवलं. बाहेर पडायची वेळ ज्याची त्यानंच लिहायची असते, क्लबाचा नियम आहे. खाली माझं नाव घातलं, आत जायची वेळ घातली आणि चिमणीचा धूर बघून चालायला लागलो. वजनकाट्यापर्यंत सात खडे सापडले, एक नट. मला पक्की शंका आहे, तो अजून आत आहे.